अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या हाती जो अभ्यासक्रम येतो, तो ठरवतं कोण?

२००४ पर्यंत या प्रश्नाचं उत्तर कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात होतं. त्या वर्षी सोलापूर जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं; आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं ओळखलं जातं. त्याचा कारभार चालतो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार.

कुलगुरू सर्वांना ठाऊक असतात. पण त्यांच्याखेरीज विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, महाविद्यालयीन शिक्षकांनी मतदान करून पाठवलेले १० प्रतिनिधी बसतात. वार्षिक अहवाल, हिशेब आणि अर्थसंकल्प तिथं मांडले जातात, त्यावर प्रश्न विचारता येतात. विद्यापरिषदेतही प्रत्येक विद्याशाखेतून २ शिक्षक निवडून जातात. शैक्षणिक दर्जाची जबाबदारी या परिषदेची.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते अभ्यास मंडळ. त्याची चर्चा फारशी होत नाही. प्रत्येक विषयाचं मंडळ वेगळं, आणि त्यात संलग्न महाविद्यालयांतले ३ विभागप्रमुख निवडून येतात. कोणता घटक ठेवायचा, कोणतं पुस्तक सुचवायचं, याची सुरुवात इथं होते. सांगोल्याच्या कोरडवाहू शिवाराची, इथल्या डाळिंबबागांवरच्या रोगांची जाण असलेला वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक या मंडळावर असेल, तर तो विषय वर्गापर्यंत पोहोचू शकतो.

नोंदणीकृत पदवीधरही अधिसभेवर १० प्रतिनिधी निवडतात. त्यासाठी मतदार नोंदणी करावी लागते. आपण पदवीधर असाल, तर पुढच्या नोंदणीची सूचना निघताच अर्ज जरूर भरा.