आवडीची फेरतपासणी



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठे विद्वान बोलत आले आहेत. माझे शिक्षण शाळेत थोडे, यंत्रापाशी अधिक आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी सर्वांत अधिक झाले. तेव्हा चित्रपटकलेचे शास्त्र मी सांगावे, अशी अपेक्षा आपण करणार नाही. मी प्रेक्षक आहे. एकेक चित्रपट पाचपाच वेळा पाहणाऱ्या, त्यातले संवाद नटाच्या आधी म्हणणाऱ्या, आणि कोणी त्याला नावे ठेवली की बाह्या सरसावणाऱ्या जातीचा प्रेक्षक! आपणही बहुतेक त्याच जातीचे आहात. आपल्या आवडीकडे आपण पुन्हा जातो, तेव्हा नेमके काय करतो, एवढाच आजचा प्रश्न.

माझा धंदा करार करण्याचा. कामगार आणि मालक यांच्यात तीन-चार वर्षांचा पगारकरार होतो. सही झाली त्या दिवशी गुलाल उडतो. मुदत संपत आली की तोच कागद आम्ही पुन्हा काढतो आणि एकेक कलम वाचतो. काय मिळाले, काय राहिले, त्या वेळी कोणाचा विचारच झाला नव्हता, हे पाहतो आणि मग नवे मागणीपत्र लिहितो. हे करताना जुना करार कोणी पायदळी तुडवत नाही. तो झाला म्हणून तर आपण इथवर आलो. परंतु गुलाल उडाला होता एवढ्यासाठी त्याला हात लावायचा नाही, असेही कोणी म्हणत नाही. आवडत्या चित्रपटाशीही आपला असाच करार असतो, आणि त्याचीही मुदत संपत असते.

पहिले उदाहरण 'सांगत्ये ऐका'चे घेतो. अनंत माने यांचा हा चित्रपट 1959 सालचा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो 131 आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षे! एवढे दिवस नवा प्रेक्षक कोठून येणार? तीच माणसे परत परत येत होती. वसंत पवारांचे संगीत, जयश्री गडकर आणि हंसा वाडकर. लोकांनी जीव ओवाळून टाकला. माझा जन्म त्यानंतरचा. मला तो चित्रपट वडीलधाऱ्यांच्या तोंडून आधी कळला आणि डोळ्यांनी नंतर दिसला.

पुढे 1970 साली हंसा वाडकरांचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले. त्यालाही त्यांनी चित्रपटाचेच नाव दिले. ते ज्याने वाचले, त्याला तो चित्रपट पहिल्यासारखा पाहता येत नाही. घर चालवण्यासाठी लहान वयातच कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली ही मुलगी. कमाई तिची, तिच्यावर आणि तिच्या कमाईवर हुकूम मात्र दुसऱ्यांचा. पुस्तकानंतर लवकरच, 1971 मध्ये, त्या गेल्या. त्या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी 1977 साली 'भूमिका' काढला आणि त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला काय दिसते, ते सांगतो. पडद्यावर जिला आपण कलावतीण म्हणून टाळ्या देत होतो, ती बाई कामावर होती. तिची पाळी होती, तिची मजुरी होती, आणि त्या मजुरीची पाकिटे दुसऱ्याच्या खिशात जात होती. हे कळल्यावर चित्रपट वाईट ठरला काय? मुळीच नाही. तिचे पाऊल तितकेच ठसक्यात पडते, ढोलकी तितकीच घुमते. परंतु आपल्या टाळीत आता एक देणे मिसळलेले असते. रसिकाची आवड वयात येते, ती अशी.

दुसरे उदाहरण 'सिंहासन'. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी 1979 साली काढलेला हा चित्रपट. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, श्रीराम लागूंचा अर्थमंत्री, निळू फुल्यांचा पत्रकार दिगू आणि सतीश दुभाषींचा कामगारपुढारी डिकास्टा. आमच्या लोकांत हा चित्रपट फार मानाचा. कामगारपुढारी सत्तेच्या पटावरचे एक प्यादे असू शकतो आणि खेळाडूही असू शकतो, हे त्यात दिसते. त्यानंतर तीनच वर्षांनी, 18 जानेवारी 1982 रोजी, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे त्यांतल्या कित्येक घरांचे काय झाले, ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

आमच्या युनियनच्या कचेरीत पावसाळ्यात शनिवारी संध्याकाळी आम्ही जुने चित्रपट लावतो आणि मग चहाबरोबर वाद घालतो. एकदा 'सिंहासन' लावला होता. संपल्यावर कंत्राटावर काम करणाऱ्या एका पोराने उठून विचारले, "काका, संप पुकारणाऱ्याचे नाव कळले. संपावर जाणाऱ्यांपैकी एकाचे तरी नाव तुम्हांला आठवते का?" सभा गप्प! मग आमच्यातले एक निवृत्त गिरणी कामगार म्हणाले, "बाळा, त्या वेळी आमचे नाव मंत्र्याच्या टेबलावर निघते, हे पडद्यावर दिसले, त्याचेच आम्हांला अप्रूप होते."

मला विचाराल तर दोघेही बरोबर होते. वृद्धाने चित्रपटाचा काळ सांगितला, पोराने आपला काळ सांगितला. सत्तेची गोष्ट सांगायला निघालेल्या चित्रपटाने चाळीची गोष्ट का सांगितली नाही, म्हणून त्याला फासावर देणे अन्यायाचे आहे. परंतु ती गोष्ट अजून सांगायची राहिली आहे, हे ज्याला दिसले त्याला गप्प बसवणे हाही अन्यायच. जुन्या चित्रपटात जे नाही, ते पुढच्या चित्रपटाचे मागणीपत्र असते.

आता थोडे हसू. 'अशी ही बनवाबनवी' पाहिला नाही असा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. 1988 सालचा सचिन पिळगांवकरांचा हा चित्रपट. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सुधीर जोशींचा तो घरमालक! आजची पोरे त्यातले तुकडे खिशातल्या फोनवर रोज पाहतात. माझे म्हणणे इतकेच, की तुकडे पाहणे म्हणजे पुन्हा पाहणे नव्हे. एका कलमावरून करार कळत नाही. सबंध पाहा, म्हणजे लक्षात येईल की हा सारा गोंधळ एका खोलीसाठी आहे. पुण्यात राहायला जागा नाही, बिऱ्हाड जोडप्यालाच मिळणार, म्हणून दोघे लुगडी नेसतात. मूळ कल्पना 1966 च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटातली. बावीस वर्षांनी ती मराठीत आली, तेव्हा जुनी झाली नव्हती. आज कारखान्यात नव्याने लागलेला एकटा मुलगा किंवा एकटी मुलगी खोली शोधायला निघते, तेव्हा लग्न झाले का, कोणत्या जातीचे, घरात काय शिजवता, हे प्रश्न अजून दारातच उभे असतात. चित्रपट हसवतो, ज्याच्यावर हसलो तो प्रश्न मात्र सुटलेला नाही. पुन्हा पाहिल्यावर हसू कमी होत नाही, पण हसताना आपण कोणत्या दारात उभे आहोत, ते कळते.

शेवटचे उदाहरण नव्याचे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. चित्रपटगृहात माणसे खुर्च्या सोडून नाचली. पहिल्यांदा पाहून आलेले कित्येक जण म्हणत होते, "पहिला भाग झकास, दुसरा रेंगाळतो." याच माणसांना मी सांगतो, दुसऱ्यांदा पाहा. शेवट ठाऊक असताना पाहा. तेच नाचाचे गाणे सुरू होते, आणि आपले पाय उचलत नाहीत. त्या नाचणाऱ्या पोरांवर पुढे काय येणार आहे, ते आपल्याला माहीत असते, त्यांना नसते.

आणि ज्याला रेंगाळणे म्हटले, तो भाग पाहा. पाटलाची लाडकी लेक, बुलेट चालवणारी आर्ची, हैदराबादच्या झोपडपट्टीत येते आणि बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. आपल्या पायांवर उभी राहायला शिकते. पहिल्या वेळी आपण गाण्याची वाट पाहत होतो, म्हणून हे काम आपल्याला दिसले नाही. दुसऱ्या वेळी ध्यानात येते, की जातीच्या अभिमानाला खरा राग आहे तो या संसाराचा. दोन माणसे कष्ट करून सुखाने जगू शकतात, याचा. शेवटी ते लहान मूल रक्ताची पावले उमटवत चालते, आणि पडद्यावर आवाज उरत नाही. तेव्हा नाचलेल्या प्रत्येकाला आपापल्या घराचा उंबरठा आठवला पाहिजे.

मित्रहो, जुने ते सोने म्हणणारा आणि जुने ते भंगार म्हणणारा, हे दोघेही पुन्हा पाहण्याचे कष्ट टाळतात. एकाला आपली तरुणपणाची आठवण जपायची असते, दुसऱ्याला आपला नवेपणा मिरवायचा असतो. आपण कष्टकरी माणसे. तपासून पाहिल्याशिवाय माल पुढे सरकवायचा नाही, ही आपली सवय. तीच येथेही ठेवू.

त्यासाठी माझे छोटेसे मागणीपत्र आहे. जुने चित्रपट जपले जावेत. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते याच कामासाठी. पट शिल्लक राहिला, तरच फेरतपासणी होणार. दुसरे, आपल्या वाचनालयांनी आणि मंडळांनी ते सबंध दाखवावेत आणि नंतर दिवे लावून प्रेक्षकांना बोलू द्यावे. तिसरे, बोलणाऱ्यांत पहिली पाळी अशा माणसाची असावी, की ज्याच्यावर त्या चित्रपटाने आपल्याला हसवले, किंवा ज्याला तो विसरला. त्याचे बोलणे ऐकूनही जी आवड टिकते, तीच खरी आपली.