इंग्रजीतला उद्या



एखाद्याकडे आपले पाचशे रुपये येणे आहेत. तो वाटेत भेटला आणि आपण विचारले, "काय हो, पैसे कधी देता?" तो म्हणाला, "देईन की!" तर काय समजायचे ते आपण समजतो. "देणार आहे," म्हणाला, तर निदान त्याच्या मनात आहे एवढे कळते. "सोमवारी येतोय तुमच्याकडे पैसे घेऊन," म्हणाला, तर सोमवारी आपण घरी थांबतो. आणि "दुधाचे बिल दर दहा तारखेला मिळते, त्या दिवशी डेअरीवरच या," म्हणाला, तर आपण निर्धास्त होतो. चारही उत्तरे पुढच्या काळाबद्दलचीच. पण चौघांवर आपला भरवसा सारखा नसतो.

हा फरक मराठी बोलणाऱ्या कोणालाही, शाळा शिकलेला असो वा नसो, कानाने कळतो. गंमत अशी की इंग्रजीतही तो बराचसा असाच आहे, आणि आमची मुले नेमकी तिथेच अडखळतात. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे वर्षे कमी पडतात असे म्हणायला जागा नाही. मग अडते कुठे, ते आज पाहू. माझ्याजवळ इथे फळा नाही. तेव्हा इंग्रजी वाक्ये तोंडानेच सांगतो.

अडते ते कोष्टकापाशी. भूतकाळाला अमुक रूप, वर्तमानकाळाला तमुक आणि भविष्यकाळाला 'शॅल' किंवा 'विल', असे मुलगा पाठ करतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचे स्वतःचे रूप आहे. 'वॉक'चे 'वॉक्ड' होते. भविष्यकाळाचे तसे रूप त्याला नाहीच. 'विल' हा शब्द मुळात 'इच्छिणे' या अर्थाचा आणि 'शॅल' हा 'देणे लागणे' या अर्थाचा. म्हणजे इच्छा आणि कर्ज यांच्याकडून उसनवारी करून इंग्रजीने उद्याचे बोलणे भागवले आहे! आणखी दोन-तीन साधनेही जोडीला घेतली. त्यांतले कोणते केव्हा वापरावे, हे दिवस जवळचा की लांबचा यावर ठरत नाही. आपण हे कशाच्या आधारावर बोलतो आहोत, यावर ते ठरते.

आधार चार प्रकारचे धरू. पहिला, बोलता बोलता आत्ता केलेला निश्चय, किंवा नुसता अंदाज. दारावर थाप पडली, आपण उठलो, इंग्रज म्हणेल, "आय विल ओपन इट." 'पास होईल असे वाटते' हेही 'विल'नेच: "आय थिंक शी विल पास." दुसरा, आधीच मनाशी ठरवलेले, किंवा ज्याची खूण डोळ्यांसमोर दिसते आहे असे. "आय ॲम गोइंग टु सेल द काऊ," म्हणजे गाय विकणार आहे, विचार झालेला आहे. आभाळ काळे झाले की "इट इज गोइंग टु रेन." अंगणात वाळवण घातलेली आपली बाईसुद्धा अशा वेळी 'पाऊस येईल' म्हणत नाही, "पाऊस येणार, उचला ते पापड," असेच म्हणते. तिसरा, दुसऱ्या कोणाशी बोलून पक्के केलेले: "आय ॲम मीटिंग द डॉक्टर ऑन मंडे." डॉक्टरांनी वेळ दिलेली आहे. आणि चौथा, वेळापत्रकाचा: "द बस लीव्ह्ज ॲट सिक्स." तिथे आपल्या इच्छेचा प्रश्नच नाही, एस.टी. सहाला सुटते.

पुष्कळ मुलांची समजूत असते की 'गोइंग टु' म्हणजे लवकर घडणारे आणि 'विल' म्हणजे लांबचे. ही समजूत काढून टाकली पाहिजे. सहावीतली मुलगी "आय ॲम गोइंग टु बी अ नर्स," म्हणते, तेव्हा ती काही वर्षांनंतरचे बोलते आहे. दार उघडणारा "आय विल ओपन इट," म्हणतो, ते दोन क्षणांनंतरचे असते.

मात्र चार चौकटी भिंती घालून वेगळ्या केलेल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी दोन्ही रूपे चालतात. सभेच्या छापील सूचनेत तर सगळे ठरलेले असूनही 'विल'च शोभते.

आता मराठीची मदत कुठे होते आणि कुठे फसवते, ते पाहू. 'दार उघडू का?' याला इंग्रजीत अगदी जुळते वाक्य आहे: "शॅल आय ओपन द डोअर?" 'जाऊ या का?' याला "शॅल वी गो?" हे शिकवायला पाच मिनिटे पुरतात. पण कोणी जड पिशवी घेऊन चालला असेल तर आपण म्हणतो, "द्या, मी घेतो." 'घेतो' हे वर्तमानकाळाचे रूप, म्हणून मुलगा म्हणतो, "आय टेक." इथे हवे "आय विल टेक इट." निघताना आपण 'येतो' म्हणतो, "आय ॲम कमिंग" म्हणून कोणी उठून चालू लागला तर इंग्रज बुचकळ्यात पडेल.

'पाऊस पडला तर पेरणी करू,' यात मराठीने चक्क भूतकाळाचे रूप घेतले आहे. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते: "इफ इट रेन्स, वी विल सो." पुष्कळ मुले "इफ इट विल रेन" लिहितात. हा मराठीचा दोष नव्हे. भविष्य म्हटले की 'विल', या कोष्टकाचा तो दोष आहे.

'शॅल'बद्दल थोडेसे. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. नुसते भविष्य सांगताना 'मी'ला 'शॅल' आणि इतरांना 'विल', हा नियम त्यात आहे. पुढे शाळाशाळांतून त्यावर छड्या बसल्या. बुडणारा परदेशी मनुष्य 'विल'च्या जागी 'शॅल' आणि 'शॅल'च्या जागी 'विल' ओरडला. लोक समजले याला बुडायचेच आहे, आणि कोणी धावले नाही, अशी एक जुनी थट्टा आहे. आज बोलण्यात सर्वांना 'विल' चालते. 'शॅल' मुख्यत्वे उरले ते 'करू का?' या प्रश्नात आणि कायद्यात. आपल्या राज्यघटनेचे ५२वे कलम राष्ट्रपती असण्याविषयीचे आहे. त्यात 'शॅल' आहे. ते भविष्य नव्हे, बंधन आहे.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, वर्गात हे कसे न्यावे? आधी फळ्यावर 'विल' लिहू नका. उधारीची ती चार उत्तरे मराठीत सांगा आणि विचारा, कोणावर किती भरवसा ठेवाल? मुले हसतील आणि बरोबर उत्तरे देतील. मग एकेका उत्तराशेजारी इंग्रजी वाक्य ठेवा. परीक्षेत 'जाईन' आणि 'जाणार आहे' या दोहोंना एकच भाषांतर सांगून मोकळे होऊ नका.

खेड्यातला एखादा मुलगा नोकरीवर रुजू व्हायला निघतो. तिकीट काढलेले, खोली ठरलेली. फोनवर साहेब विचारतात, कधी येता? तो म्हणतो, "आय विल कम ऑन मंडे." व्याकरणात चूक नाही, पण तयारी झाल्याचे त्या वाक्यातून कळत नाही. "आय ॲम कमिंग ऑन मंडे," एवढे म्हटले असते तर कळले असते. मराठीत त्याने हेच 'सोमवारी येतोय' असे न शिकवता सांगितले असते. 'मराठी विसर, म्हणजे इंग्रजी येईल,' असे आपण मुलांना सहज सांगतो. या एका धड्यापुरते तरी ते खरे नाही. मुलाला जे आधीच येते, तिथून त्याला पुढे न्यावे, एवढेच माझे सांगणे आहे.