थोर कोण आणि गुणी कोण?



चिटणीस आमच्याकडे विषय ठरवावयास आले तेव्हा त्यांच्या वहीत ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असे आधीच लिहून ठेवलेले होते. आम्ही म्हटले, ते आम्ही बारा महिने बोलतो आणि ऐकणारी माणसेही बहुधा तीच असतात. यंदा आम्हांस स्नूकर या खेळावर बोलू द्या. चिटणिसांनी तो शब्द दोनदा विचारून घेतला. चौसाळ्यात स्नूकरचे टेबल आम्ही तरी पाहिलेले नाही, आणि बारा फूट लांब, सहा फूट रुंद, आत पाटीच्या दगडाच्या लाद्या घातलेले ते धूड बालाघाट चढवून येथे कोण आणणार? तरीही हा विषय तुमचा आहे असे आम्ही म्हणतो. का, ते ऐका.

फडांवरून टोळ्या परत आल्या आहेत. पाच-सहा महिने कारखान्यावर काढून माणसे गावात टेकली आहेत आणि स्टँडासमोर चहा पिताना एकच वाद चालू आहे : यंदा तोडणीत वरचढ कोण? एक म्हणतो, ज्याच्या मोळ्या जास्त तो. दुसरा म्हणतो, मोळ्या कुणीही बांधील. ऊस जमिनीलगत कोण तोडतो ते पाहा, साखर बुडख्यात असते. आणि एखादी बाई मागून म्हणते, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, मग नाव एकट्याचेच का घेता? थोर कोण आणि गुणी कोण, या वादात तुम्ही मुरलेले आहात. आज कोयत्याच्या जागी एक लांब काठी धरा, म्हणजे झाले.

खेळ समजावयास कॅरम पुरे. कॅरममध्ये स्ट्रायकरने सोंगटी घालवायची, येथे क्यू नावाच्या काठीने पांढरा चेंडू मारून त्याने दुसरा चेंडू खिशात घालवायचा. लाल चेंडू पंधरा, त्यांचा प्रत्येकी एक गुण. रंगीत सहा : पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात. एक लाल घातला की एक रंगीत घालायचा. लाल संपेपर्यंत रंगीत पुन्हा जागेवर मांडायचा. प्रत्येक लालामागे काळाच घातला आणि शेवटी सगळे रंग उचलले, तर एका दमात 147 गुण होतात. हा हिशेब बसल्या जागी करून पाहा, चुकणार नाही. राणी घेतल्यावर कव्हर द्यावे लागते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातली खरी गोम कळेल : चेंडू घालवणे ही अर्धीच विद्या. तो घालवल्यावर पांढरा कोठे जाऊन थांबतो, ही उरलेली अर्धी, आणि तीच अवघड.

हा खेळ विलायती समजला जातो, पण जन्मला आपल्याकडे. 1875 साली जबलपूरच्या छावणीत, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडले आणि हा डाव काढला. पुढे मुख्य प्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. 1882 च्या सुमारास उटकमंडच्या क्लबात नियम लिहून लागले. म्हणजे जन्म हिंदुस्थानात, पण दाराला पहारा असलेल्या खोलीत. त्या खोलीत हिंदी माणूस शिरत होता तो चेंडू मांडायला आणि गुण सांगायला. त्याला मार्कर म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, आम्ही त्याकडे परत येणार आहो.

आता वादाला हात घालू. थोर कोण, हे मोजून सांगू म्हणणाऱ्यांना जो डेव्हिस हे नाव घ्यावेच लागते. 1927 पासून 1946 पर्यंत त्याने जगज्जेतेपद पंधरा वेळा जिंकले आणि त्या स्पर्धेत एकदाही न हरता तो बाजूला झाला. पण त्या काळी स्पर्धेला मूठभर माणसे उतरत. पंधरा पदके खरी, पण फड लहान. स्टीफन हेंड्रीने 1990 साली, एकविसाव्या वर्षी पहिले पद घेतले आणि 1999 पर्यंत सात केली. त्याच्या वेळचा फड केवढा तरी मोठा होता. रॉनी ओ’सलिव्हन याचीही सातच, परंतु पहिले 2001 मधले आणि सातवे 2022 मधले. एकवीस वर्षे हात आणि डोळा जागेवर ठेवणे हे आमच्या मते सलग पाच पदांहून भारी आहे. ज्यांना हेंड्री मोठा वाटतो त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. आकड्यांच्या वादात तोटा असा की दोन्ही बाजूंना आकडे सापडतात.

गुणी कोण, यावर मात्र ओ’सलिव्हनचे नाव घेताच वाद अर्धा थंडावतो. 1997 साली शेफील्डच्या जागतिक स्पर्धेत त्याने ते 147 पाच मिनिटे आठ सेकंदांत केले. छत्तीस चेंडू! चेंडूमागे नऊ सेकंदही नाहीत. 1996 मध्ये त्याच स्पर्धेत तो डाव्या हाताने खेळू लागला तेव्हा प्रतिस्पर्ध्याला तो अपमान वाटला. पण त्याचा डावा हातही पुष्कळांच्या उजव्यापेक्षा बरा होता. 2010 साली ग्लासगोला डाव सुरू होताच त्याने पंचाला विचारले, 147 केल्यास वेगळे बक्षीस आहे काय? नाही म्हटल्यावर त्याने शेवटचा काळा तसाच ठेवून हात मिळवला. पंचाने समजूत घातली तेव्हा तो चेंडू घातला. वर्तमानपत्रांनी त्याला लोभी म्हटले. आम्ही कामगार संघटनेची माणसे. काम हातात घेताच दर विचारणाऱ्याला आम्ही लोभी म्हणत नाही.

आमची या खेळाशी ओळख झाली ती मात्र पुस्तकातून नव्हे. गाव सोडून आम्ही मुंबईस गेलो आणि एका क्लबाच्या उपाहारगृहात चहा नेणाऱ्याचे काम धरले. क्लबाचे नाव सांगत नाही. बिलियर्ड्सच्या खोलीत एक मार्कर होते, कोकणातले, साठीला टेकलेले. सकाळी ते टेबलाच्या हिरव्या कापडावर ब्रश फिरवीत, मग इस्त्री; कापडाची लव एकाच दिशेला बसावी लागते, नाहीतर चेंडू वाकडा जातो. सभासद आले की गुण सांगायचे आणि चेंडू काढून मांडायचे. सगळे त्यांना ‘मार्कर’ म्हणत, आम्ही ‘मार्करकाका’.

ओ’सलिव्हनचा तो पाच मिनिटांचा पराक्रम टीव्हीवर दाखवला त्या संध्याकाळी खोलीत मोठा वाद झाला. हेंड्री की हा पोरगा? सभासद हिरिरीने बोलत होते, आम्ही तीनदा चहा नेला. काका भिंतीशी उभे होते. त्यांना कुणी विचारले नाही. रात्री खोली रिकामी झाल्यावर दिवे मालवण्याआधी त्यांनी चेंडू मांडले, आम्हांस दार लावून घ्यायला सांगितले, आणि खेळू लागले. किती गुण झाले ते आम्ही मोजले नाही, तेव्हा मोजता येत नव्हते. एवढे आठवते की पांढरा चेंडू पाळीव जनावरासारखा दर वेळी त्यांच्यापुढे येऊन उभा राहत होता आणि काका पावलेसुद्धा फार टाकत नव्हते.

आम्ही म्हटले, “काका, तुम्ही तर त्या पोराच्या तोडीचे.”

ते म्हणाले, “वेडा आहेस. इथे कोण बघतंय? चुकलो तर कुणाला दिसत नाही, म्हणून चुकत नाही. सामना म्हणजे निराळं. मी एकसुद्धा खेळलेलो नाही, मग माझ्यात काय आहे ते मलातरी कसं कळणार?”

हे उत्तर आम्ही तीस वर्षे जवळ बाळगले आहे. आमच्या चळवळीत एक सवय असते; दबलेल्या माणसाला आपण लगेच महापुरुष ठरवतो. काकांनी ती सोय आम्हांस ठेवली नाही. ते जगज्जेते झाले असते असे आम्ही म्हणत नाही. कदाचित पहिल्याच सामन्यात त्यांचा हात थरथरला असता. पण तो थरथरतो की नाही हे पाहण्याची पाळीच आली नाही, आणि क्लबाच्या स्पर्धेत नोकरांना नाव घालता येत नव्हते.

काकांना विचारले, मग सर्वांत थोर कोण? ते चटकन म्हणाले, “विल्सन जोन्स.” आता जोन्स मुख्यतः बिलियर्ड्सचा, तेच टेबल, पण चेंडू तीनच आणि डाव निराळा. स्नूकरचे राष्ट्रीय पदही त्याने पाच वेळा घेतले, बिलियर्ड्सचे बारा वेळा. 1922 साली पुण्यात जन्मलेला हा अँग्लो-इंडियन माणूस 1958 मध्ये कलकत्त्यास हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, आणि 1964 मध्ये न्यूझीलंडला पुन्हा. स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळातले वैयक्तिक जागतिक पद मिळाले ते त्याच्यामुळे प्रथम. मुंबईच्या मायकेल फरेरांनी 1977, 1981 आणि 1983 अशी तीन पदे आणली. त्यांना पद्मश्री देऊ केली तेव्हा, क्रिकेटवाल्याला पद्मभूषण आणि आम्हांला ही का, असे विचारून त्यांनी ती नाकारली. 1983 मध्ये पद्मभूषण घेतले. दर विचारण्याचा प्रकार येथेही आहे, आणि आम्हांस तो आवडतो. पुण्यातच 1985 साली जन्मलेला पंकज अडवाणी बेंगळुरूत वाढला. 2024 अखेर बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून अठ्ठावीस जागतिक पदे त्याच्या नावावर झाली. धंदेवाईक स्नूकरच्या विलायती दौऱ्यावर तो दोन हंगाम राहिला आणि 2014 मध्ये घरी परतला. कुणी म्हणतात, थांबला असता तर त्याची खरी उंची कळली असती. जोन्स, फरेरा, अडवाणी या तिघांत गुण कुणाचा जास्त हे सांगायला आम्ही धजत नाही. ते टेबलापर्यंत पोचले आणि त्यांनी त्याचे सोने केले, हे खरे.

आता वेल्समधली गोष्ट. ही आम्हांस काही वर्षांनी, सार्वजनिक वाचनालयात बसून इंग्रजी अक्षर-अक्षर लावताना सापडली. रे रिअर्डन हा ट्रेडेगर गावच्या कोळसा खाणीतला मजूर. चौदाव्या वर्षी पुढच्या शाळेतली जागा सोडून बापामागे खाणीत उतरला. हात खराब होऊ नयेत म्हणून खाली हातमोजे घालून काम करी. पुढे एका खाणीत दरड कोसळून तो तीन तास गाडला गेला. हलता येईना, तेव्हा धाकट्या भावाशी मनातल्या मनात गोट्या खेळत त्याने जीव धरून ठेवला. मग तो पोलिसात गेला, आणि 1970 ते 1978 या काळात सहा वेळा जगज्जेता झाला. म्हातारपणी, 2004 साली, ओ’सलिव्हनला दुसरे पद मिळवून देताना शिकवायला हाच होता. 2024 मध्ये वारला.

पण आमची नजर खिळली ती दुसरीकडे. हा मजूर शिकला कोठे? त्या गावात खाणकामगारांची स्वतःची वास्तू होती, वर्कमेन्स इन्स्टिट्यूट. मजुरांनी आपल्या पगारातून थोडे थोडे कापून दिलेल्या पैशांवर ती चाले. तेथे ग्रंथालय होते आणि बिलियर्ड्सची टेबलेही होती. त्याच गावचा अ‍ॅन्युरिन बेव्हन, तोही खाणीतला पोरगा, त्या ग्रंथालयात वाचून वाढला आणि 1948 साली मंत्री म्हणून त्याने सबंध ब्रिटनला फुकट दवाखाने दिले. एका छपराखाली पुस्तके आणि टेबल! भुकेल्या, खोकणाऱ्या मजुरांनी पगार कापून घेताना टेबल हा चैनीचा खर्च मानला नाही. बेलफास्टच्या आणि लंडनच्या गरीब वस्त्यांतून अ‍ॅलेक्स हिगिन्स आणि जिमी व्हाइट निघाले तेही अशाच पैदोपैशांच्या खोल्यांतून, शाळा बुडवून. रॉनीला आणि हेंड्रीला आईबापांनी घरी टेबल दिले. ज्यांच्या गुणाबद्दल जग भांडते, त्या प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी टेबलाशी उभे राहू दिलेले आहे.

हे वाचून आम्ही त्या दिवशी वाचनालयातून लवकर उठलो. कारण असे.

काकांच्या क्लबात एकदा एका सभासदाच्या क्यूने टेबलाचे कापड फाटले. भरपाई काकांच्या पगारातून, आठ हप्त्यांत. त्यांच्यासाठी आम्ही अर्ज लिहिला. आमच्या आयुष्यातला तो पहिला अर्ज. त्यातून तेथे युनियन उभी राहिली, आणि कापलेले पैसे परत मिळाले. पुढे वर्षभराने करार झाला. बोनस, गणवेश, रजा, जेवण अशी आमची नऊ कलमे होती. सहावे काकांनी सांगितलेले : सोमवारी क्लब बंद असतो, त्या दिवशी दोन तास नोकरांना टेबल वापरू द्यावे. व्यवस्थापक म्हणाले, हे एक काढा, बाकी आठांवर आत्ता सही करतो. आम्ही बाहेर येऊन काकांना विचारले नाही. खेळाच्या दोन तासांसाठी चाळीस माणसांचा बोनस अडवायचा नाही, असे आमचे आम्हीच ठरवले. तेव्हा आम्हांस ते कलम पोरकट वाटत होते, हे कबूल करतो.

संध्याकाळी काकांना सांगितले. ते कापडावर ब्रश फिरवीत होते. “बरं केलंस,” म्हणाले, “पोरांना बोनस पाहिजे.” आणि ब्रश तसाच शेवटपर्यंत नेला.

काका आता नाहीत. कराराचा मसुदा मात्र आमच्या पेटीत आहे. सहावे कलम लाल शाईने खोडलेले आहे, आणि शेजारी समासात आमची लघुसही आहे.