गावचे मैदान आणि पैशाची बाजू



आज मी आपल्याशी खेळाविषयी बोलणार आहे. पण डावपेचांविषयी नव्हे, तर पैशाविषयी. आपण म्हणाल, खेळाला पैसा कशाला हवा? लगोरीला सात खापऱ्या आणि एक चेंडू पुरे. खो-खोला दोन खांब रोवले की झाले. अगदी खरे. पण गावातली सगळी माणसे मैदानावर आणायची म्हटली, म्हणजे मुली, म्हातारी माणसे, आंधळी-पांगळी म्हणून बाजूला बसवलेली मुले, की मग खर्च येतो. तो कोठून करायचा?

आधी माझीच एक चूक सांगतो. मी शिक्षक असताना माझ्या वर्गात पायाने अधू असा एक मुलगा होता. खेळाचा तास आला की मी त्याच्या हाती वही-पेन्सिल देई आणि गुण लिहायला बसवी. “तुझं अक्षर छान आहे,” असेही वर सांगे. चार वर्षे त्याने इमानाने गुण लिहिले. शाळा सोडताना एवढेच म्हणाला, “गुरुजी, एक डाव मलाही द्यायचा होता.” मला काही बोलता आले नाही.

खरे तर उपाय अवघड नव्हता. बसून खेळायचा व्हॉलीबॉल असतो. त्याचे मैदान १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद. पुरुषांच्या खेळात जाळ्याची उंची १ मीटर १५ सेंटिमीटर. म्हणजे एरवीचेच जाळे खाली बांधायचे! अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घालतात आणि चेंडू सरपटत टाकतात. खेळाडू आवाजावर फटका मारतो. आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जबर जखमी झाले. पुढे ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. अंगात कस असतोच. पाण्यात उतरायची संधी मात्र मिळावी लागते.

आता ही संधी रोज मिळायची तर एका उत्साही मास्तरांवर भिस्त ठेवून चालत नाही. मास्तरांची बदली झाली की जाळे कपाटात जाते. त्यासाठी हवी एक छोटी संस्था. तिने कमाई करावी, पण नफा वाटून घेऊ नये. उरेल ते पुन्हा मैदानातच घालावे. यालाच हल्ली सामाजिक उद्योग म्हणतात. सार्वजनिक न्यास म्हणून तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करता येते.

हिशेब मांडून पाहू. समजा, ६० खेळाडू आहेत. महिन्याला शिकवणाऱ्याचे मानधन ४,००० रुपये, साहित्य व दुरुस्ती १,०००, प्रथमोपचार ५००, आणि अधू मुलांना वाडी-वस्तीवरून आणण्या-पोचवण्याचा रिक्षाखर्च १,५००. एकूण ७,०००. आता जमा. ४० जणांनी ५० रुपये दिले तर २,०००. दहा दुकानदारांनी २०० प्रमाणे दिले तर आणखी २,०००. शेजारच्या शाळांचे क्रीडामहोत्सव भरवून दिले, त्याचे महिन्याकाठी १,५०० धरा. झाले ५,५००. तूट १,५०० रुपयांची.

आता पहा बरे, कात्री कशाला लागते? रिक्षाला! कारण तो खर्च यादीत शेवटी लिहिलेला असतो. मग ज्यांच्यासाठी संस्था काढली, तीच मुले घरी राहतात. म्हणून माझे सांगणे एवढेच, की रिक्षाचा खर्च यादीत पहिला लिहा. घरच्या वर्गणीतून तो आधी भागवा, आणि कमी पडेल ते साहित्यासाठी मागा. चेंडूसाठी मदत मिळते. रिक्षासाठी कोणी देत नाही. आणखी एक. ज्या २० जणांना वर्गणी झेपत नाही, त्यांची नावे फळ्यावर लावू नका. कोण देतो, कोण देत नाही, हे चिटणिसालाच ठाऊक असावे.

मदत कोठे मागावी? पहिली जागा ग्रामसभा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून खेळाच्या साहित्याला काही देता येईल का, हे उभे राहून विचारावे. दिव्यांगांना खेळाची समान संधी मिळावी, हे २०१६च्या कायद्यातच लिहिले आहे. तेव्हा ही भीक नव्हे. दुसरी जागा जवळची मोठी कंपनी. वर्षाला ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक निव्वळ नफा असणाऱ्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो, आणि त्या यादीत ग्रामीण खेळ व दिव्यांगांचे खेळ आहेत. मात्र त्यासाठी संस्थेची नोंदणी, प्राप्तिकर खात्याची मान्यता आणि तपासलेले हिशेब हाताशी हवेत. अनुदान हा पावसासारखा असतो. येईल तेव्हा साठवावा. रोजचे पाणी आपल्या विहिरीचेच हवे.

शेवटी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण देतो. १९५२ साली हेलसिंकीला जायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी जमवली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या लढवून ते कर्ज फेडले. धन्य ते गुरू आणि धन्य तो पैलवान! पण मंडळी, दर वेळी कोणी घर गहाण टाकावे, ही काही व्यवस्था नव्हे. एकाने घर द्यावे त्यापेक्षा शंभरांनी थोडे थोडे, पण दरमहा द्यावे.

शिक्षक बंधूभगिनींनो, उद्या खेळाच्या तासाला कडेला वही घेऊन कोण बसले आहे, तेवढे पहा. वही आपण घ्या, आणि त्याला मैदानात पाठवा. जमाखर्चाची पहिली ओळ तेथूनच सुरू होते.