एडिंबरोचा बेत आणि आपली कागदपत्रं
(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला नाट्यमहोत्सव पाहायला जायचं म्हणतोय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना कळलंच आहे. कळल्यावर बहुतेकींनी एकच प्रश्न विचारला, "तिथे कोण आहे तुमचं?" आपल्याकडे बाई परदेशी जाते ती मुलीच्या बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला, नाहीतर नवऱ्याबरोबर. नुसती नाटकं पाहायला जातोय म्हटलं की समोरची क्षणभर गप्प होते, मग विचारते, "आणि घरचं?"

एडिंबरोच का, ते आधी सांगते. १९४७ साली, महायुद्ध संपल्यावर, तिथे मोठा आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन दाखल झाल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. त्यातून 'फ्रिंज' उभा राहिला. फ्रिंज म्हणजे कड, पदराच्या दशा म्हणा ना! आज तिथे ऑगस्टमध्ये जवळजवळ साडेतीन आठवडे तीन हजारांहून अधिक कार्यक्रम होतात. कोणी यावं हे ठरवणारी निवड समिती महोत्सवाला नाही. १९८३ पासून 'मुलगी झाली हो' घेऊन स्त्री मुक्ती संघटनेच्या बायका गावोगाव गेल्या. त्यांचं नाटक पाहून वाढलेल्या आपल्याला हे बोलावण्यावाचून येणं परकं वाटू नये. २०१३ साली याच फ्रिंजमध्ये 'निर्भया' हे नाटक झालं. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेवरचं ते नाटक. त्यात काम करणाऱ्या बायकांनी स्वतःवर झालेल्या अत्याचारांबद्दल रंगमंचावरून सांगितलं.

पण फ्रिंजबद्दल भाबडेपणाही नको. निवड समिती नसली तरी पैशाची चाळणी आहेच. हॉलचं भाडं, राहणं, जाहिरात, सगळं बहुतेक कलाकारांनाच पाहावं लागतं. दार उघडं असणं आणि दारापर्यंत पोचता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयारीला लागल्यावर आम्हाला हाच अनुभव आला.

सुरुवात पासपोर्टपासून. २०१५ साली मी अर्ज केला तेव्हा लग्नानंतर नाव बदललेलं नव्हतं. खिडकीवरच्या गृहस्थांनी तीनदा विचारलं, "मिस्टरांचं आडनाव का लावत नाही?" डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे झाले. आता आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. विवाहाचा दाखला सक्तीचा नाही. घटस्फोटित किंवा विभक्त बाईला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. नियम बदलला तरी खिडकीवरचा माणूस बदलतोच असं नाही, म्हणून नियम आपल्याला पाठ हवा.

नंतर व्हिसा. ब्रिटनच्या अर्जात नवऱ्याच्या परवानगीचा रकाना नाही. पण पैसे कुणाचे, नोकरी काय, परत येण्याचं कारण काय, हे दाखवावं लागतं. अर्ज भरायला बसलो आणि आमच्या संसारांचा हिशेब बाहेर आला. एकीचा पगार वीस वर्षं संयुक्त खात्यात जातोय आणि पासबुक कपाटात कुठे असतं ते तिला माहीत नाही. दुसरीच्या कर्जाचे निम्मे हप्ते तिनं भरले, फ्लॅट मात्र एकट्या नवऱ्याच्या नावावर. चौथीबद्दल तिच्या परवानगीनं सांगते. ती नऊ वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळी झाली, शिवणकामाचं दुकान चालवते, हाताखाली दोन मुली आहेत. पण कमाई रोखीत, बचत भिशीत, आणि दुकानाचा भाडेकरार भावाच्या नावावर. कागदावर ही कर्तबगार बाई कुठेच नव्हती.

म्हणून आम्ही दोन वर्षं आधीपासून तयारी केली. प्रत्येकीनं स्वतःच्या एकटीच्या नावावर आवर्ती ठेव उघडली. चौथीनं रोजचा गल्ला बँकेत भरायला सुरुवात केली आणि करार आपल्या नावावर करून घेतला. भाऊ आधी रागावला, मग सही करून गेला.

आता बेताचा क्रम सांगते, पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. ऑगस्टमध्ये एडिंबरोत जागा फार महाग. त्यामुळे राहण्याची सोय सगळ्यात आधी पाहा, पण रद्द करता येईल अशी, कारण व्हिसा मिळेलच अशी खात्री नसते. सुट्टीत विद्यार्थी वसतिगृहांच्या खोल्या मिळतात, त्यांची चौकशी करा. २४ जुलै २०२६ पासून मुक्कामाच्या भाड्यावर तिथे पाच टक्के पर्यटन कर आहे, तो धरूनच हिशेब करा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी करता येत नाही. मुंबईहून लंडन, तिथून आगगाडीनं साडेचार तासांच्या आसपास एडिंबरो.

दिवसाला तीनच प्रयोग ठरवा. बरेच प्रयोग तासाभराचे असतात, पण रस्ते चढउताराचे आहेत आणि पाऊस कधीही येतो. रॉयल माईलवर रस्त्यातले खेळ फुकट असतात. काही खोल्यांतले प्रयोगही विनातिकीट, शेवटी बादली फिरते, तीत मनाप्रमाणे पैसे टाकायचे. रात्री उशिराचं नाटक पाहायचंच आहे, म्हणून खोली चालत परतता येईल अशी शोधली. स्वस्त पण लांबची खोली घेतली असती, तर भीतीनं आठ वाजताच परतलो असतो. मग एवढ्या लांब जाऊन काय पाहिलं?

आणि घरचं? एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "दहा दिवस स्वयंपाक कोण करणार?" त्यावर घरात तीन संध्याकाळी चर्चा झाली. आता तिचा मुलगा कुकर लावायला शिकलाय. प्रवास व्हायचा तेव्हा होवो, हे आधी झालं!

व्हिसा चौघींनाही मिळेल का, आज सांगता येत नाही. कदाचित चौथीलाच नाकारतील. परवा तिला मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "नाही मिळाला तर पुन्हा अर्ज करीन. पण दुकान आता माझ्या नावावर आहे, ते काय कोण परत घेणार?"

मैत्रिणींनो, तुम्ही एडिंबरोला जा अथवा जाऊ नका. आज घरी गेल्यावर कपाट उघडा, कागद बाहेर काढा आणि कुठल्या कागदावर आपलं नाव आहे ते बघा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.