निराश्रित बालकांचे देणे
(दुष्काळनिवारण समितीच्या वार्षिक सभेत व्यापारी, बागायतदार व देणगीदार मंडळींपुढे झालेले भाषण)



धान्य, वैरण आणि पाणी यांचा हिशेब या अहवालात अन्यत्र दिला आहे. तो आपण वाचालच. आज जी बाब मांडावयाची आहे ती जमाखर्चाच्या कोणत्याच सदरात बसत नाही, आणि म्हणूनच आमच्या हातून ती आजवर राहून गेली. दुष्काळाने अथवा युद्धाने घर सुटलेल्या मुलास दोन वेळ जेवू घातले म्हणजे त्याचे देणे फिटले काय, हा तो प्रश्न होय.

१९४३ या एकाच वर्षी आपल्या देशात घडलेल्या दोन गोष्टी आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. त्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता, नावा सरकारने काढून घेतल्या होत्या, भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले होते आणि सरकारची दिरंगाई तर सर्वश्रुतच आहे. खेड्यांतून निघालेली कुटुंबे कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडली. पुढे त्यांना उचलून शहराबाहेर हलविण्यात आले, आणि त्या गडबडीत आईबापांची व मुलांची ताटातूट झाली. वाचलेल्या कित्येक मुलांना अन्न मिळाले; पण हे मूल कोणाचे, कोणत्या गावचे, हे सांगणारे कोणी उरले नाही.

त्याच वर्षी कोल्हापुराजवळ वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९३९ साली पोलंडवर एका बाजूने जर्मनीने व दुसऱ्या बाजूने रशियाने आक्रमण केले. रशियाच्या ताब्यातील भागातून पुढील दोन वर्षांत कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आली. १९४१ मध्ये तह होऊन सुटका झाली तेव्हा त्यांतील पुष्कळ मुले पोरकी झाली होती. काही मुले १९४२ मध्ये इराणमार्गे मोटारींतून क्वेट्ट्यास व तेथून मुंबईस आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना समुद्रकाठी बालाचडी येथे आश्रय दिला. वळिवड्यास मुख्यतः स्त्रिया व मुले मिळून सुमारे पाच हजार माणसे राहिली.

या दोन्ही ठिकाणी अन्न तर होतेच. पण आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. मुलांची नावे त्यांचीच राहिली. त्यांच्या भाषेतील शाळा, त्यांचे शिक्षक, त्यांचे धर्मगुरू त्यांच्याजवळ होते. बालाचडीच्या मुलांनी वृद्धपणी सांगितलेली एक आठवण आहे: पालकाची भाजी नको म्हणून मुलांनी जेवणावर संपच पुकारला, आणि जामसाहेबांनी ती भाजी बंद करविली. गोष्ट हसण्यासारखी आहे खरी. परंतु आश्रितास ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आहे, हे जेथे मानले जाते तेथेच असा संप संभवतो. आमच्या छावणीत तसा संप अद्याप झालेला नाही. आम्ही हे भूषण म्हणून सांगत नाही.

युद्ध संपल्यावर पोरक्या मुलांना सक्तीने परत धाडले जाईल अशी भीती उत्पन्न झाली. तेव्हा जामसाहेबांनी दुसऱ्या दोघांसह दत्तकपत्रावर सही करून मुलांचे पालकत्व पत्करले, असे सांगतात. वळिवड्याची वसाहत १९४८ मध्ये उठली आणि त्याच जागेत फाळणीने उखडलेले सिंधी बांधव येऊन राहिले. आजचे गांधीनगर ते हेच. आपल्यापैकी अनेकांचा तेथील कापडबाजाराशी व्यवहार असेल.

आमच्या एका सन्माननीय देणगीदारांनी विचारले, “आपल्याच मुलांचे भागत नसता परक्यांची उदाहरणे कशास?” आक्षेप प्रामाणिक आहे. बंगालचा घास वळिवड्याने हिरावला नव्हता, एवढे तर वरील कारणांवरून दिसतेच. शिवाय वळिवड्यास परक्या मुलांसाठी जे झाले ते आपल्या मुलांसाठी होत नाही, हेच आमचे दुखणे आहे. पाऊस हुकला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. मागे सांभाळणारे कोणी नसले की मुलेही बरोबर जातात आणि फडाजवळच्या कोपीत राहतात. कायद्याच्या भाषेत ही मुले निर्वासित नव्हेत. तथापि शाळेच्या पटावर नाव एका गावी, मूल दुसऱ्या गावी, आणि विचारणारा कोणीच नाही, ही स्थिती फारशी वेगळी नाही.

कायदा मात्र मुलांच्या बाजूचा आहे. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराने मुलाचा नावावर हक्क मानला आणि आश्रय मागणाऱ्या मुलास संरक्षण सांगितले, तो १९८९ चा करार आपल्या देशाने १९९२ मध्ये स्वीकारला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, हेही कारण चालत नाही. हे आमच्या स्वयंसेवकांसही ठाऊक नव्हते. आमच्या नोंदवहीत गेल्या हंगामात ‘मोठी माणसे’ व ‘मुले’ असे दोनच रकाने होते. मुलांची संख्या आहे, नावे नाहीत. त्यांतील एखादे मूल आज कोणी विचारीत आले, तर आम्ही काय दाखविणार?

म्हणून समितीने ठरविले आहे की यापुढे प्रत्येक मुलाचे स्वतंत्र पान असावे. त्यावर नाव, आईबापांची नावे, गाव, तालुका, शाळा व इयत्ता लिहावी आणि एक प्रत आईजवळ द्यावी. भावंडांस एकमेकांपासून हलवू नये. कोणी कितीही सद्हेतूने मागितले तरी पोरके मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशावाचून कोणाच्या स्वाधीन करू नये. या कामास दोन पगारी कारकून व एक फिरता शिक्षक हवा. बागायतदार मंडळींनी आपल्या फडाजवळ एक पक्की खोली व तिची किल्ली एवढे दिले तरी चालेल. भाडे समिती देईल. व्यापारी मंडळींकडून पाट्या, वह्या व कापड अपेक्षित आहे, परंतु रोख रकमेची निकड अधिक आहे, कारण कारकुनाचा पगार कापडाने भागत नाही.

कोप्या पडण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत, ही व्यवस्था लागली पाहिजे. देणगीच्या चिठ्ठीवर ‘बालकांसाठी’ असे स्पष्ट लिहावे. तसे न लिहिलेली रक्कम नियमाप्रमाणे धान्यखात्यात जमा होईल.