पात्रांची गावं

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



जपान पाहून आलेल्या कुटुंबाला ‘काय काय पाहिलंत?’ असं विचारलं, तर एकाच घरातून दोन वेगळी प्रवासवर्णनं ऐकायला मिळतात. आईवडील फुजी पर्वत, क्योटोची देवळं आणि बुलेट ट्रेन सांगतात. मुलं सांगतात पोकेमॉनचं दुकान, डोरेमॉनचं संग्रहालय आणि नाणी टाकून मूठ फिरवली की आतून खेळण्याची गोल डबी देणारं यंत्र. पहिलं वर्णन संस्कृतीचं आणि दुसरं करमणुकीचं, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकतो. मला ती मान्य नाही. मुलांच्या यादीचा धागा धरून प्रवास केला, तर जपान अधिक जवळून दिसतो, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. त्यासाठी टोकियोच्या दुकानांपाशी थांबून मात्र चालत नाही, पुढे जावं लागतं.

टोकियोचं थोडक्यात सांगतो. अकिहाबारा हा दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार होता. मग तिथे घरगुती विजेची उपकरणं आली, मग संगणक, आणि आता गेम आणि अ‍ॅनिमे. नाकानो ब्रॉडवे ही 1966 सालची इमारत. 1980 मध्ये तिथे ‘मांदाराके’ नावाचं जुन्या मांगांचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, एक छोटंसं दुकान निघालं आणि बघता बघता इमारतभर पसरलं. इकेबुकुरोत खेळण्याच्या डब्या देणारी तीन हजारांहून अधिक गाचापोन यंत्रं एका छपराखाली ओळीनं उभी आहेत. हे सगळं पाहावं, एखादा दिवस जरूर द्यावा. पण ही झाली पेठ. पेठेत माल सगळीकडचा मिळतो. ती पात्रं राहतात कुठे, हे बघायला गावाबाहेर पडायला हवं.

आपल्या पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते उभारलंय, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. त्या ओकायामाला गेलात, तर स्टेशनाबाहेर पहिल्यांदा भेटतो मोमोतारो. पीच फळातून जन्मलेला, कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना सोबत घेऊन राक्षसांच्या बेटावर चाल करून गेलेला लोककथेतला मुलगा. तिथून ‘याकुमो’ नावाची एक्स्प्रेस डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्राकडे उतरते आणि सव्वादोन तासांच्या आसपास योनागोला पोचवते. आपण आता तोत्तोरी प्रांतात आहोत. जपानच्या 47 प्रांतांमध्ये सर्वांत कमी वस्तीचा हा प्रांत. 2020 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास माणसं.

योनागोच्या स्टेशनात साकाई लाइनची गाडी सुटते ती शून्य क्रमांकाच्या फलाटावरून. डब्यांवर बाहेरून आणि आतल्या छतावरसुद्धा भुतंखेतं रंगवलेली आहेत. हा फाटा सोळा स्टेशनांचा, आणि प्रत्येक स्टेशनाला खऱ्या नावाच्या जोडीला एकेका योकाईचं नाव दिलेलं आहे. योकाई म्हणजे जपानी लोककथांमधली भुतं, पिशाच्चं, चेटकं, अर्धे प्राणी आणि अर्ध्या वस्तू यांची सगळी बिरादरी. विमानतळाच्या स्टेशनाला बेतोबेतो-सान याचं नाव आहे. अंधाऱ्या वाटेनं एकटं चालताना मागून पावलांचा आवाज येतो आणि वळून पाहिलं तर कुणी नसतं, तो हा बेतोबेतो-सान. त्यावर उपायही सांगितलेला आहे. बाजूला व्हायचं आणि म्हणायचं, ‘बेतोबेतो-सान, तुम्ही व्हा पुढे.’ की तो निघून जातो. भुताला अशा अदबीनं वाट करून देणारी कल्पना मला फार आवडते.

शेवटचं स्टेशन साकाईमिनातो. मासेमारीचं बंदर, खेकड्यांसाठी प्रसिद्ध. मिझुकी शिगेरु या मांगाकाराचं लहानपण इथे गेलं. त्याच्या घरी कामाला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं, जिला तो नोन्नोनबा म्हणे, त्याला या योकाईंच्या गोष्टी सांगितल्या. छतावर ओलीचे डाग कुणामुळे पडतात, न्हाणीघरातली घाण रात्री कोण चाटून जातं, हे तिनं त्याच्या डोक्यात भरवलं. आपल्याकडे कोकणात आजीच्या तोंडून गिऱ्हा, मुंजा आणि हडळ ऐकत मोठी झालेली पिढी आहे; तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे युद्धात मिझुकीला राबाउलच्या बाजूला पाठवलं. मलेरियानं आजारी पडलेला असताना विमानहल्ल्यात त्याचा डावा हात गेला. परत येऊन उरलेल्या उजव्या हातानं त्यानं आयुष्यभर चित्रं काढली. ‘गेगेगे नो कितारो’ हा एका डोळ्याचा भूतपोरगा 1968 मध्ये दूरचित्रवाणीवर आला आणि पिढ्यान् पिढ्यांचा झाला. त्याच मिझुकीनं 1973 मध्ये अख्ख्या तुकडीला मरणाचा हुकूम मिळाल्याची युद्धकथा काढली. 2015 मध्ये, 93 व्या वर्षी तो गेला. गमतीदार भुतं काढणाऱ्या माणसानं खरं भय पाहिलेलं होतं, हे लक्षात ठेवून या गावात उतरावं.

स्टेशनाबाहेरच मिझुकी टेबलाशी बसून चित्र काढतोय, शेजारी कितारो उभा, असा ब्राँझचा पुतळा आहे. तिथून सुमारे आठशे मीटरचा रस्ता जुन्या बाजारपेठेतून जातो. 1993 मध्ये इथे 23 पुतळे बसवले होते. आता पावणेदोनशेहून अधिक आहेत. हे पुतळे चौथऱ्यावरून खाली बघणारे नाहीत. कित्येक तर वीतभर-हातभर उंचीचे. गुडघ्यापर्यंतच्या दगडी खांबावर, किराणा दुकानाच्या दारात, न्हाव्याच्या खुर्चीसमोर, पोस्टाच्या पेटीवर ते बसलेले आहेत. बघायला वाकावं लागतं. वाकलं की बारकावा दिसतो: लाल घेवडा धूत बसलेल्या म्हाताऱ्याच्या टोपलीतले दाणे, भिंतीचं भूत असलेल्या नुरिकाबेचे अर्धवट मिटलेले डोळे. लोकांचे हात जिथे जिथे लागतात तिथे ब्राँझ सोन्यासारखं पिवळं झालंय, बाकी अंग काळपट. कुठला पुतळा पोरांचा लाडका, हे त्या पिवळेपणावरून कळतं. रस्त्यावरचे दिवे म्हणजे कितारोचा बाप मेदामा-ओयाजी. तो नुसता एक डोळा आहे. टॅक्सीच्या टपावरही तोच. रात्री दुकानं बंद झाल्यावर फरसबंदीवर योकाईंच्या सावल्या पाडतात. संध्याकाळच्या गाडीनं परतणाऱ्या पर्यटकांना त्या दिसत नाहीत, म्हणून इथे मुक्काम करावा असं मी आग्रहानं सांगतो.

इथे एक पुस्तिका विकत मिळते आणि दुकानादुकानांत रबरी शिक्के ठेवलेले असतात. औषधाच्या दुकानात एक, मिठाईवाल्याकडे एक, तांदळाच्या दुकानात एक. शिक्का शाईच्या गादीवर दाबायचा, पानावर सरळ धरायचा, चारही कोपऱ्यांवर सारखा जोर द्यायचा आणि अलगद उचलायचा. शिक्का गोळा करायला आत गेलेला माणूस दुकान बघतो, दुकानदार बाईंशी दोन शब्द बोलतो. ही सवय जपानला जुनी आहे. रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांसाठी शिक्के ठेवायची सुरुवात 1931 मध्ये फुकुई स्टेशनापासून झाली, आणि तिच्याही कितीतरी आधीपासून यात्रेकरू देवळादेवळांतून वहीवर मोहोर घेत आलेत.

आता माझा मुद्दा सांगतो. जपानी माणसानं आपली पात्रं एका जागी रचून ठेवली नाहीत, मुद्दाम विखरून टाकली. सगळं एका जागी मिळालं असतं तर माणूस तिथेच थांबला असता. विखुरलं म्हणून तो निघतो.

व्हिडिओ गेममध्येही हेच तत्त्व आहे. ताजिरी सातोशी हा टोकियोच्या सीमेवरच्या माचिदात किडे पकडत वाढलेला मुलगा. शेतं जाऊन इमारती आल्या, किडे गेले. ती शोधाशोध त्यानं पोकेमॉनमध्ये आणली. 1996 च्या फेब्रुवारीत गेम आला तो लाल आणि हिरवा अशा दोन आवृत्त्यांत. काही प्राणी फक्त लालमध्ये, काही फक्त हिरव्यात. कितीही तास खेळा, एकट्यानं यादी पुरी होत नाही. गेम बॉयला वायर लावून दुसऱ्या मुलाशी अदलाबदल करावीच लागते. खेळातला हा अपुरेपणा माणसाला माणसाकडे नेण्यासाठी ठेवलेला आहे.

आज तेच तत्त्व रस्त्यावर उतरलंय. जपानी गावं गटारांच्या लोखंडी झाकणांवर आपापली फुलं, किल्ले, मासे कोरून घेतात, हे पूर्वीपासूनचं. 2018 च्या डिसेंबरात कागोशिमातल्या इबुसुकी गावी पोकेमॉनचं चित्र असलेली झाकणं बसली, आणि आता ती देशभर आहेत. प्रत्येक झाकणाचं चित्र एकमेव. दुसऱ्या गावी तेच पुन्हा दिसणार नाही. तोत्तोरीच्या वाट्याला सँडश्रू हा पोकेमॉन आलाय, वाळूत बिळं करणारा, कारण तिथे समुद्रकाठी वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत. 2017 च्या नोव्हेंबरात त्या टेकड्यांवर ‘पोकेमॉन गो’ या मोबाइल गेमचा मेळा भरला, तेव्हा तीन दिवसांत ऐंशी हजारांहून अधिक लोक आले. साडेपाच लाखांच्या प्रांतात! भूकंप आणि त्सुनामीची झळ सोसलेल्या फुकुशिमाला चॅन्सी दिलीय, मियागीला लाप्रास. कुणाला काय द्यायचं यामागे विचार आहे, माया आहे.

हॅलो किटीचंही तसंच. 1974 मध्ये सान्रिओ कंपनीत जन्मलेली ही मांजर होक्काइदोत लव्हेंडरच्या फुलांत बसते आणि दुसऱ्या प्रांतात तिथल्या फळाचा किंवा माशाचा वेश घालते. त्या त्या प्रांतातली किटी तिथेच घ्यायची, हीच त्यातली मजा.

आणि डोरेमॉन. 2005 पासून हिंदीत बोलणारा हा निळा बोका आपल्या घराघरांतल्या मुलांना घरच्यासारखा आहे. त्याचा जनक फुजिको एफ. फुजिओ तोयामा प्रांतातल्या ताकाओकाचा. ते गाव सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून धातूच्या ओतकामाचं. तिथल्या स्टेशनात डोरेमॉनच्या आकाराची टपालपेटी आहे, ती याच ओतकामाच्या परंपरेतून घडवलेली. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती पेटी जरूर दाखवावी. आवडता बोका आणि चारशे वर्षांचं कसब यांना एकाच वेळी हात लावता येतो.

कधी कधी पात्र बाहेरून येतं आणि गाव त्याला आपलं म्हणतं. इबाराकी किनाऱ्यावरच्या ओआराई बंदराला 2011 च्या त्सुनामीचा तडाखा बसला. पुढच्याच वर्षी शाळकरी मुली रणगाडे चालवतात अशी ‘गर्ल्स उंट पांझर’ ही अ‍ॅनिमे मालिका आली, तिची पार्श्वभूमी हे गाव होतं. दुकानदारांनी एकेक पात्र वाटून घेतलं, दारात त्याची पुठ्ठ्याची आकृती उभी केली. चाहते येतात, आपापल्या पात्राच्या दुकानात जेवतात, त्याचा वाढदिवस साजरा करतात. सायतामातल्या वाशिनोमिया देवळात 2007 च्या ‘लकी स्टार’नंतर नवसाच्या लाकडी पाट्यांवर मालिकेतली चित्रं दिसू लागली आणि गावकऱ्यांनी जत्रेत त्या मालिकेची पालखीच काढली. देवस्थानानं नाक मुरडलं नाही, पोरांनीही देवाचा मान ठेवला. दोन्हीकडचा हा समंजसपणा मला मोलाचा वाटतो.

सगळीकडे असं जमतं असं नाही. कामाकुरात समुद्रकाठी ‘स्लॅम डंक’ या मालिकेमुळे प्रसिद्ध झालेलं एक रेल्वे फाटक आहे. तिथे फोटोसाठी लोक भर रस्त्यात उभे राहतात, रहिवाशांची वाट अडते, आणि पालिकेला रखवालदार नेमावे लागले. तो रस्ता कुणाच्या तरी रोजच्या जाण्यायेण्याचा आहे, हे विसरणं मला अक्षम्य वाटतं.

दुसरी काळजी अधिक गंभीर आहे. गाचापोनचं यंत्र 1965 मध्ये अमेरिकेतून आलं. आज तीनशे ते पाचशे येन टाकायचे, मूठ फिरवायची, डबी पडते. हवं ते मिळालं नाही तर शेजारी उभ्या मुलाशी बदलायची. खिशातली नाणी संपली की खेळ संपतो. तीच युक्ती मोबाइलच्या गेममध्ये शिरली तेव्हा तळ राहिला नाही. ठरावीक संच पुरा केला तरच मोठं बक्षीस, अशा प्रकाराला 2012 मध्ये जपानच्या ग्राहक खात्यानं बेकायदा ठरवलं, पण सोडतीचे बाकीचे प्रकार चालूच आहेत. अपुरेपणा मुलाला उठवून गावोगाव हिंडवतो तेव्हा तो त्याचं भलं करतो. त्याच अपुरेपणानं मूल अंथरुणात पडल्या पडल्या आईवडिलांचं कार्ड रितं करत असेल, तर तो खेळ राहिलेला नसतो. पालकांनी हा फरक मुलांशी उघड बोलावा.

ज्यांना निघायचंय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. मिताकाचं घिबली संग्रहालय आणि कावासाकीचं फुजिको एफ. फुजिओ संग्रहालय, दोन्हीकडे आधी वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं; दारात मिळत नाही. उजीला 2024 च्या ऑक्टोबरात निन्टेन्डो या गेम कंपनीनं आपल्या जुन्या कारखान्यात संग्रहालय उघडलंय. तिथे तर सोडतीत नाव निघावं लागतं, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबरच अर्ज करा. ही कंपनी 1889 मध्ये क्योटोत फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवायला निघाली होती. ते पत्ते स्वतः बनवून पाहायची सोय तिथे आहे, ती चुकवू नका. खिशात शंभर येनची नाणी ठेवा आणि एक कोरी वही. सहलीच्या ठरीव कार्यक्रमात साकाईमिनातो सहसा नसतं, तेव्हा ओकायामाहून स्वतःचं तिकीट काढा, परतीच्या याकुमोचं आरक्षणही तेव्हाच करा. पोचलात की घरच्या मुलांना तिथूनच एक पत्र टाका. गावच्या खास पेटीत टाकलेल्या टपालावर कितारोचा शिक्का उमटून येतो.